उंबराचे फूल



घरी बऱ्याच दिवसांनी कुणी आप्त आले, की आमच्या सासूबाई दारातच म्हणत, "या, या! तुम्ही तर अगदी उंबराचे फूल झालात." आलेला माणूस ओशाळून हसे आणि आत चहाचे आधण चढे. जे कधी दृष्टीस पडत नाही ते उंबराचे फूल, असा आपल्या मराठीतला संकेत आहे. लग्न होऊन या घरात आल्यास मला आता बेचाळीस वर्षे झाली. एवढ्या काळात हा वाक्प्रचार मी शेकडो वेळा ऐकला, स्वतःही वापरला. आणि आमच्या परसात, स्वयंपाकघराच्या खिडकीपासून दहा पावलांवर उंबराचे झाड उभे असूनही त्याला फूल येते तरी कुठे, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. तो यंदाच्या उन्हाळ्यात माझ्या नातवाने विचारला, आणि तोही झाड तोडायचे ठरल्यानंतर.

आमची पेढी भांड्यांची. प्रवरेकाठच्या आमच्या गावी, जुन्या पेठेत, पुढे दुकान, मध्ये राहते घर आणि मागे परस अशी वाड्याची रचना आहे. परसात आड आहे. घरोघर नळ आल्यापासून त्याच्यावर लोखंडी जाळी पडली, पण पाणी अजून आहे. त्या आडाच्या काठाला हा उंबर. तो कुणी लावलेला नाही. माझे सासरे, ज्यांना आम्ही सारे बाबूजी म्हणत असू, ते सांगत की त्यांच्या लहानपणी आडाच्या दगडी बांधकामाच्या सांधीतून दोन पाने बाहेर आली, आणि ती उपटायची राहून गेली. एखाद्या पाखराने तिथे बी टाकले असणार. उंबर पाण्याची जागा बरोबर ओळखतो, असे खेड्यापाड्यांत विहिरी खणणारे लोक आजही म्हणतात. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तर झाडे आणि वारुळे पाहून जमिनीतले पाणी कसे ओळखावे, याचे 'दकार्गल' नावाचे एक संपूर्ण प्रकरणच आहे. आमच्या उंबराला मात्र पाणी शोधावे लागले नाही. तो जन्मला तोच आडाच्या कडेवर.

पूर्वी पेठेच्या मागच्या गल्लीत तांबट कारागिरांची घरे होती. सकाळी दुकान उघडताना त्यांच्या हातोड्यांचे ठोके सुरू होत. हंडे, कळश्या मठारण्याचा तो नाद दुपारपर्यंत चाले. स्टील आले, मग यंत्रावरची घडाई आली, आणि ते ठोके एकेक करून थांबले. परंतु परसात एक तांबट राहिला. चिमणीहून थोडा मोठा, हिरव्या अंगाचा, लाल कपाळाचा, पिवळ्या गळ्याचा आणि छातीवर लाल पट्टा मिरवणारा हा पक्षी माघ-फाल्गुनात उन्हे तापू लागली, की उंबराच्या शेंड्यावर बसून मिनिटाला शंभराच्या आसपास 'टुक् टुक्' असे ठोके देतो. गंमत अशी की हा आवाज काढताना त्याची चोच मिटलेली असते, फक्त गळा फुगतो. बोलता बोलता तो मान इकडे-तिकडे वळवतो, त्यामुळे आवाज नेमका कोठून येतो हे कळत नाही. बाबूजी अखेरच्या दिवसांत अंथरुणाला खिळले होते. ते डोळे मिटून म्हणत, "मागच्या गल्लीत काम चालू दिसते." आम्ही कुणी त्यांचा तो समज दूर केला नाही.

एवढे सांगितल्यावर वाचकांना वाटेल, की आमच्या घरात या झाडाचे मोठे कौतुक असेल. तसे अजिबात नव्हते. उंबराला वर्षातून अनेकदा बहर येतो. फळे फांद्यांच्या टोकाला नव्हे तर थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर घोसांनी लगडतात, पिकली की खाली पडतात आणि पायाखाली चिरडतात. त्यांत जीव असतात, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. वड, पिंपळ, उंबर, पाकर आणि काकोदुंबर ही पाच झाडांची फळे, म्हणजे पंच उदुंबर, श्रावकाने वर्ज्य करावीत असा दंडक दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांत आहे. आचार्य अमृतचंद्रांच्या 'पुरुषार्थसिद्ध्युपाय' ग्रंथात तो आहे आणि आचार्य हेमचंद्रांनी राजा कुमारपालासाठी रचलेल्या 'योगशास्त्रा'तही आहे. कारण दोन्हीकडे एकच: या फळांत त्रस जीव राहतात.

म्हणून फळे गळायच्या दिवसांत सासूबाई आम्हा सुनांना परसात फिरू देत नसत. धुणे वाळत घालायचे तर दोरी गच्चीवर जाई. रोज सकाळी त्या स्वतः मऊ कुंच्याने वाट झाडत, फळे अलगद झाडाच्या बुंध्याशी सरकवीत आणि पुटपुटत, "काय मेले झाड वाढले आहे!" त्यांच्या तोंडी त्या झाडाबद्दल गोड शब्द मी कधी ऐकला नाही. आणि तरीही कुऱ्हाड लावण्याची गोष्ट त्यांच्या हयातीत निघाली नाही. या दोन गोष्टी त्यांच्या मनात शेजारी शेजारी कशा राहत होत्या, हे त्यांना विचारायचे राहून गेले.

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी माझ्या चिरंजीवाने इंजिनियरला परसात आणले. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. दुकानात आता माल पूर्वीसारखा टांगून ठेवण्यापुरता राहिलेला नाही. लग्नसराईच्या आधी खोकीच्या खोकी येतात, ती बाहेरच्या भाड्याच्या गोदामात ठेवावी लागतात आणि भाडे दरवर्षी चढते. परसाच्या जागेत स्वतःचे गोदाम बांधले तर चार-पाच वर्षांत खर्च भरून निघतो. शिवाय उंबराच्या मुळाने मागच्या भिंतीला तडा गेला आहे. नकाशा तयार झाला, त्यात आडाच्या जागी माल चढवण्या-उतरवण्याचा ओटा होता आणि झाडाच्या जागी काहीच लिहिलेले नव्हते.

मी म्हणाले, "इतक्या वर्षांचे झाड आहे रे."

तो म्हणाला, "आई, मला एक सांग. दर बहराला या वाटेवर किती जीव पायाखाली जातात? हमाल जातात, हातगाडी जाते. ते आजीसारखे वाट झाडून पाऊल टाकत नाहीत. झाड आहे तोवर हे रोज होणार. एकदाच काय ते दोष पदरी घेऊन झाड काढले, तर पुढची हिंसा तरी थांबेल की नाही?"

मला उत्तर सुचले नाही. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलाचा हिशेब होता तो, आणि वरकरणी बरोबर जुळत होता. महाराष्ट्रात शहरी भागातील झाड तोडण्यासाठी १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. तो अर्ज करायचा एवढेच बाकी राहिले.

त्याच आठवड्यात नातवाच्या शाळेला सुट्टी लागली. सातवीतला मुलगा, हातात भिंग. त्याने विचारले, "दादी, फळ येते म्हणजे आधी फूल यायला हवे. उंबराचे फूल कुठे असते?" मी सासूबाईंचा वाक्प्रचार त्याला ऐकवला. त्याने त्याचे समाधान होईना. मोबाईलवर वाचून तो सांगत आला, की फूल फळाच्या आत असते. आता ते पाहायचे म्हणजे फळ कापायचे; तो सुरी घेऊन निघाला आणि सूनबाईंनी ती हातातून काढून घेतली. त्या म्हणाल्या, "आत जीव आहेत हे तूच वाचून सांगतोस, आणि सुरीही तूच घेतोस?" मुलगा हिरमुसला. त्याचा प्रश्न खरा होता आणि त्याच्या आईचेही खरे होते.

तेव्हा मला गाळण्याची आठवण झाली. पाणी गाळायचे आमच्या घरचे मलमलीचे गाळणे अजून आहे. सासूबाई पाणी गाळून झाल्यावर ते गाळणे गाळलेल्याच पाण्याने उलटे धुऊन ते पाणी पुन्हा आडात सोडत. ज्या पाण्यातले जीव त्याच पाण्यात परत गेले पाहिजेत, त्याला आपण जिवाणी म्हणतो. मी नातवाला म्हटले, "कापायचे कशाला? आतले जीव कधीतरी बाहेर येतच असतील. घोसाला गाळणे बांधू आणि वाट पाहू."

पहिल्या वेळी आम्ही लालबुंद फळांचा घोस बांधला. दोन दिवसांत फळे आतल्या आत गळाली, कापड चिकट झाले, आणि बाहेर काहीच आले नाही. मग कोवळी, हिरवी, टणक फळे बांधली. चार दिवस गेले, काही घडले नाही. नातवाचा उत्साह उतरणीला लागला. मीच हट्टाने तिसरा घोस निवडला: पूर्ण वाढलेला, पण लाली न चढलेला, बोटाने दाबल्यावर किंचित नरम लागणारा. संध्याकाळी सैलसर पुरचुंडी बांधली. पहाटे सामायिक आटोपून परसात गेले तो पांढऱ्या कापडावर तीळ पसरावेत तसे काळसर ठिपके दिसले. ते हलत होते. मी नातवाला उठवायला धावले, या वयात धावू नये एवढी धावले.

भिंगातून पाहिले. तिळाहूनही लहान, पारदर्शक पंखांच्या, गांधीलमाशीच्या कुळातल्या त्या माश्या होत्या. माणसाला या काहीही करत नाहीत. त्यांत काही फिकट पिवळसर, पंख नसलेले, वाकड्या अंगाचे जीव होते, जे कापडावर पडून नुसते पाय हलवत होते. आणि प्रत्येक फळाच्या सालीत टाचणीने टोचावे तसे एक स्वच्छ भोक होते, जे आदल्या संध्याकाळी नव्हते.

त्यानंतरचा पंधरवडा आम्ही दोघांनी वाचण्यात घालवला. मी वाचनालयातून पुस्तक आणले, त्याने मोबाईलवर शोधले, आणि एकमेकांचे ताडून पाहिले. जे हाती लागले ते येथे थोडक्यात मांडते.

ज्याला आपण उंबराचे फळ म्हणतो तो वास्तविक फुलोरा आहे, पिशवीसारखा आत वळलेला. पिशवीच्या आतल्या भिंतीला शेकडो सूक्ष्म फुले चिकटलेली असतात. टोकाशी खवल्यांनी झाकलेले एक बारीक दार असते. फुले परागकण घेण्यास तयार झाली, की तो फुलोरा विशिष्ट गंध सोडतो. त्या गंधाच्या मागाने एक मादी माशी येते आणि दारातून आत घुसते. दार इतके अरुंद, की आत शिरताना तिचे पंख तुटून बाहेर राहतात. ती पुन्हा बाहेर येत नाही. जन्मलेल्या फळातून तिने बरोबर आणलेले परागकण ती फुलांवर टाकते, आणि काही फुलांत अंडी घालते. तिचे आयुष्य तेथेच संपते.

ज्या फुलांत अंडी पडली तेथे अळ्या वाढतात, उरलेल्या फुलांची बीजे होतात. साधारण महिना-दीड महिन्याने नर आधी जागे होतात. त्यांना पंख नसतात, दृष्टीही जवळजवळ नसते. मादीशी त्यांचे मीलन तेथेच, अंधारात होते. त्यानंतर नर मिळून फळाच्या भिंतीतून बाहेरपर्यंत बोगदा पोखरतात आणि मरून जातात. ज्या बोगद्याचा त्यांना स्वतःला काही उपयोग नाही असा तो बोगदा! नेमक्या त्याच वेळी फुलोऱ्यातली नरफुले पिकलेली असतात. मादी त्यांतील परागकण आपल्या अंगावरच्या बारीक खिशांत भरून घेते आणि त्या बोगद्यातून उडून जाते. मग फळ नरम होते, लाल होते, गोड होते आणि तांबटाला, कोकिळेला, हरियलाला, रात्री वटवाघळांना बोलावणे जाते.

वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी, उंबराची वेगळी. सामान्यतः प्रत्येक झाडाची आपली ठरलेली माशी असते. झाडाचे वाण आपल्यासारख्या व्यापाऱ्यांनी समजण्यासारखे आहे. ते काही फुले माशीच्या पोरांना पोसायला देते आणि उरलेल्यांतून आपली बीजे करून घेते. पनामातील अभ्यासकांना २०१० साली असे आढळले, की याच कुळातील काही झाडे परागकण न आणता नुसती अंडी घालायला आलेल्या माशीचे फळ अकाली गाळून टाकतात. बुडव्या कुळाची उधारी बंद!

आणखी एक गोष्ट वाचून तर मी चकितच झाले. या फळावर बाहेरून डल्ला मारणाऱ्याही काही माश्या आहेत. त्या आत शिरत नाहीत. फळाच्या टणक सालीतून केसाहून बारीक, लांब नळी आत खुपसून त्या अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या आतल्या दुसऱ्या अळ्यांवर जगतात. एवढी बारीक नळी साल भेदते कशी? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिले, की त्या नळीच्या टोकाला करवतीसारखे दाते असतात आणि त्या दात्यांत जस्त असते. जस्त! तांब्यात जस्त घातले की पितळ होते, यावर आमच्या तीन पिढ्या जेवल्या. तेच जस्त परसातल्या उंबरावर एक चिलटाएवढा जीव आपल्या दाताला लावून बसला होता.

आपल्या पूर्वाचार्यांजवळ सूक्ष्मदर्शक होता, असे म्हणण्याचा मोह अशा वेळी अनेकांना होतो. मला होत नाही. त्यांनी फळ फुटलेले पाहिले, आत हलणारे जीव पाहिले, आणि तोंडापर्यंत आलेला हात मागे घेतला. न दिसणारे सांगण्यापेक्षा दिसले ते मनावर घेणे मला अधिक मोठे वाटते.

येथे एका प्रश्नाला थोडी जागा देते, कारण सुकामेव्याचा व्यापार करणारी अनेक कुटुंबे हे मासिक वाचतात. अंजीर याच कुळातले. मग अंजिराचे काय? पुरंदर तालुक्यातील आपले अंजीर, ज्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते माशीवाचून, परागीभवन न होताच धरते. खट्टा आणि मीठा असे त्याचे दोन बहार घेतात. तुर्कस्तानातून येणारे प्रसिद्ध सुके अंजीर मात्र ज्या जातीचे असते तिला माशी लागतेच. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बागायतदारांनी या जातीची झाडे मोठ्या हौसेने नेऊन लावली आणि वर्षानुवर्षे फळ न धरता सारे गळून पडताना पाहिले. शेवटी १८९९ साली माशी नेऊन वसवली तेव्हा कोठे बागा फळल्या. झाडे आयात केली, भागीदार मागेच राहिला होता. अंजीर खावे की न खावे, हे ज्याने त्याने आपल्या नियमानुसार आणि गुरुभगवंतांना विचारून ठरवावे. आमच्या घरी ते पूर्वीपासून येत नाही, आणि ते का येत नाही हे आता मला नीट कळले एवढेच.

पुन्हा त्या सकाळकडे वळते. आम्ही भिंग घेऊन बसलो असताना चिरंजीव चहाचा पेला घेऊन परसात आला. नातवाने त्याला सगळे दाखवले आणि गाळण्याची गाठ सोडली. माश्या कापडाच्या कडेला आल्या, क्षणभर थांबल्या आणि वाऱ्यावर गेल्या. उडाल्या असे म्हणणेही कठीण, इतक्या त्या हलक्या होत्या.

"आता कुठे जाणार त्या?" चिरंजीवाने विचारले.

"दुसऱ्या उंबरावर. जिथे आज फळे नेमकी त्या वयाची असतील तिथे," नातू म्हणाला. "एक-दोन दिवसच जगतात त्या, पप्पा."

आम्ही तिघांनी गावातले उंबर मोजायला सुरुवात केली. घाटावर दत्तमंदिरापाशी एक, जुन्या शाळेच्या आवारात एक, नदीपलीकडे मळ्यात दोन. रस्ता रुंद झाला तेव्हा नाक्यावरचा गेला. त्यांतल्या कशावर आज कोवळी फळे आहेत? ठाऊक नाही. एका झाडावरची फळे बहुधा एकाच वेळी पिकतात, पण वेगवेगळ्या झाडांचे बहर वेगवेगळ्या वेळी येतात, म्हणूनच या माश्यांची साखळी बारा महिने अखंड राहते. आणि म्हणूनच जेव्हा रानात दुसरे काही पिकलेले नसते, तेव्हाही पाखरांना कुठे ना कुठे उंबर, वड किंवा पिंपळ फळलेला सापडतो.

चिरंजीव थोडा वेळ गप्प होता. मग त्याने त्याच्या स्वभावाला साजेसा प्रश्न केला: "एक झाड कमी झाले तर त्यांना दुसरे सापडणारच नाही, असे थोडेच आहे?" या प्रश्नाचेही उत्तर मी नंतर शोधले, आणि ते माझ्या बाजूचे निघाले नाही. नामिबच्या वाळवंटात उंबराच्याच भावकीतल्या झाडांवरील माश्यांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्या वाऱ्यावर स्वार होऊन दीडशे किलोमीटरहूनही दूरच्या झाडावर पोहोचल्याचे दिसून आले. म्हणजे आमचा एक उंबर नसला तरी या जिवांचा वंश बुडणार नव्हता. मी ते चिरंजीवाला प्रामाणिकपणे सांगितले. लपवले असते तर बरे झाले असते, असेही क्षणभर वाटून गेले.

पण त्याबरोबर मी त्याला एवढेच विचारले, "पायाखाली फळ येते ते पिकून पडलेले. त्यातल्या बहुतेक माश्या तोवर उडून गेलेल्या असतात; मागे राहतात ते मेलेले नर, आणि नंतर शिरलेले किडे-मुंग्या. त्यांच्यासाठी वाट झाडता येते, आजी झाडत होती. ज्या दिवशी करवत लागेल त्या दिवशी झाडावर जी हजार-दोन हजार कच्ची फळे असतील, त्यांच्या आत जे असतील त्यांच्यासाठी काय झाडणार?" आणि करवतीसाठी असा दिवस निवडायचा म्हटले, की झाडावर एकही फळ नाही, तर उंबराच्या बाबतीत तसे दिवस फार थोडे.

त्याने उत्तर दिले नाही. पेला ठेवून दुकानात गेला.

पंधरा दिवसांनी इंजिनियर नवा नकाशा घेऊन आला. गोदाम मागच्या बाजूने अकरा फुटांनी आखूड झाले होते आणि उंबराच्या जागी पेन्सिलने एक गोल काढला होता. मी काही विचारण्याआधीच चिरंजीव म्हणाला, "परवानगीच्या कागदांत दिवाळी उजाडेल. तोवर थांबणे परवडत नाही." कारण म्हणून ते अगदी खरे आहे, आणि मी ते तसेच स्वीकारले. अकरा फुटांचा माल अजूनही भाड्याच्या गोदामातच राहणार आहे. त्या भाड्याचा आकडा त्याने मला मुद्दाम सांगितला. मी तो ऐकून घेतला. हमालांची ये-जा आता बाजूच्या बोळातून होते. झाडाखाली सूनबाईंनी जुन्या साड्यांची झोळी चारी बाजूंनी बांधली आहे, फळे तीत पडतात, आणि रोज सकाळी ती बुंध्यामागच्या कोपऱ्यात, जेथे कुणाचे पाऊल पडत नाही, अलगद रिकामी होते. सासूबाई असत्या तर साड्या वाया घालवल्या म्हणून ओरडल्या असत्या.

मागच्या रविवारी औरंगाबादेहून माझे दीर आले होते, दोन वर्षांनी. सवयीने माझ्या तोंडून निघून गेले, "भाऊजी, तुम्ही तर उंबराचे फूल झालात!" नातू जेवता जेवता म्हणाला, "दादी, पण ते तर झाडावर रोज असते." दिरांना काही समजेना. जेवण झाल्यावर तो त्यांना हाताला धरून परसात घेऊन गेला.

भिंतीचा तडा अजून तसाच आहे. इंजिनियरने त्याच्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून दिली आहे. भिंत सरकली तर काच तडकेल आणि मग नव्याने विचार करावा लागेल, असे त्याने बजावले आहे. दुकान उघडण्यापूर्वी चिरंजीव रोज मागे जाऊन ती काच पाहतो. आषाढाचा पहिला मोठा पाऊस परवा होऊन गेला. काच आज सकाळपर्यंत अखंड होती.